सुटीला निघालेली सर्दी



सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर जवळ आला की घरात दोन गोष्टींची एकदमच चाहूल लागते. एक म्हणजे सुटीची तयारी. माळ्यावरची बॅग खाली येते, आजोळी जायच्या एस.टी.ची चौकशी होते, स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास सुटतो. दुसरी चाहूल मात्र कोणाला नको असते. ती म्हणजे शिंक! आधी धाकट्या भावाला, मग तुम्हाला, मग आईला. तेवढ्यात आजीचा आवाज येतोच, "सकाळी कानटोपी न घालता बाहेर हुंदडलास ना, मग होणारच सर्दी!"

आजीचे बोलणे खरे की खोटे? थंडी वाजली म्हणून सर्दी होते का? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरासाठी माणसांनी फार गमतीदार खटपटी केल्या आहेत. त्या आपण पाहू. बॅग भरताना त्या उपयोगी पडतील.

गुन्हेगार सापडला

१९१४ साली जर्मनीतील लाइपझिग येथे वॉल्टर क्रूझ नावाच्या शास्त्रज्ञाने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला स्राव घेतला आणि तो अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जिवाणूसुद्धा पार होऊ शकत नव्हते. गाळलेले ते स्वच्छ पाणी त्याने आपल्या बारा सहकाऱ्यांच्या नाकांत घातले. त्यांपैकी चौघांना सर्दी झाली. म्हणजे सर्दी करणारे जे काही होते ते जिवाणूंहूनही लहान होते. त्यालाच आपण आज विषाणू म्हणतो.

सर्दीचा विषाणू एकच नाही. सर्दी करू शकणारे दोनशेहून अधिक विषाणू आज माहीत आहेत. त्यांत सर्वांत मोठे घराणे ऱ्हायनोव्हायरसचे. 'ऱ्हायनो' म्हणजे नाक. या एकाच घराण्यात दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराशी लढून शरीराने प्रतिपिंडे तयार केली, तरी पुढच्या महिन्यात दुसरा प्रकार दारात उभाच! म्हणून देवीसारख्या भयंकर रोगावर लस निघाली, पण साध्या पडशावर अजून निघालेली नाही.

जेथे थंडी कडाक्याची, तेथे सर्दीच नाही

आता थंडीकडे वळू. थंडीनेच सर्दी होत असेल तर सर्वांत थंड ठिकाणी सर्वांत जास्त सर्दी व्हायला हवी, नाही का?

नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या बाजूला, स्पिट्सबर्गेन नावाचे बेट आहे. तेथे लाँगयिअरबायन ही कोळसा खाणकामगारांची वस्ती होती. हिवाळ्यात समुद्र गोठे, बोटी बंद होत आणि अनेक महिने बाहेरचा एकही माणूस वस्तीत येत नसे. १९३०–३१ साली पॉल आणि फ्रीज या दोन संशोधकांनी तेथे राहून कोणाला केव्हा सर्दी होते याची नोंद ठेवली. काय आढळले असेल? जसजसा हिवाळा पुढे सरकला, तसतशी सर्दी कमी होत गेली आणि शेवटी जवळजवळ नाहीशीच झाली. बाहेर बर्फ, अंधार, हाडे गोठवणारी थंडी; पण नाके मात्र कोरडी!

मग मे महिन्याच्या अखेरीस बर्फ फुटले आणि मोसमातली पहिली बोट धक्क्याला लागली. माणसे उतरली, सामान उतरले, ओळखीपाळखीच्या गाठीभेटी झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळी वस्ती शिंकू लागली. थंडी ओसरली होती, पण बोटीबरोबर विषाणू आला होता.

आपल्या देशातही असा एक पुरावा आहे. फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, हा सर्दीचा मोठा आणि जास्त त्रासदायक भाऊ. काश्मीरमध्ये श्रीनगरला त्याची साथ जानेवारी ते मार्चमध्ये जोर करते. पण पुण्याला तिचा जोर दिसतो तो पावसाळ्यात. केवळ थंडी हे कारण असते तर पुण्यात असे झाले नसते.

सर्दी घेण्यासाठी सुटी

आता एक मजेदार गोष्ट. तुम्ही सर्दी टाळून सुटीला जायचे म्हणता, पण इंग्लंडमध्ये लोक सर्दी लागावी म्हणून सुटीला जात असत! सॅलिसबरी गावाजवळ १९४६ साली सर्दीच्या अभ्यासाचे एक केंद्र सुरू झाले. ते १९९० पर्यंत चालले. तेथे निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस ठेवून घेत. राहणे-जेवणे फुकट, जाण्यायेण्याचे भाडे आणि वर थोडा खिसाखर्च. अट एवढीच, की नाकात थेंब घालून घ्यायचे. त्या थेंबांत विषाणू आहे की नुसते निरुपद्रवी पाणी, हे स्वयंसेवकाला सांगत नसत. दोघा-तिघांनी एका खोलीत राहायचे आणि इतरांपासून तीस फूट लांब राहून फिरायला जायचे. जेवणाचा डबा दारात ठेवला जाई. विद्यार्थी तर अभ्यासाला शांत जागा मिळते म्हणून आनंदाने येत.

या केंद्राचे प्रमुख ख्रिस्तोफर अँड्रूज यांनी थेट आजीच्या प्रश्नालाच हात घातला. त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नुसते थेंब दिले. दुसऱ्या गटाला गरम पाण्याने अंघोळ घालून, ओल्या कपड्यांत, वाऱ्याच्या झोतात अर्धा तास उभे केले आणि नंतर ओले मोजेही घालायला लावले. बिचारे कुडकुडले, पण त्यांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. तिसऱ्या गटाला थेंबही दिले आणि कुडकुडायलाही लावले. पहिल्या खेपेस या तिसऱ्या गटात सर्दी जास्त दिसली. आजीचे खरे म्हणायचे का? अँड्रूज यांनी घाई केली नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तर या वेळी उलटेच झाले! लहान गटावर एकदाच केलेल्या प्रयोगावरून निष्कर्ष का काढू नये, याचा हा चांगला धडा आहे.

याच केंद्रात १९६५ साली डेव्हिड टिरेल आणि बायनो यांनी सर्दी करणाऱ्या एका नव्या जातीच्या विषाणूचे वर्णन केले. पुढे त्याच्या घराण्याला 'कोरोना' हे नाव मिळाले. त्याच घराण्यातल्या एका नव्या विषाणूने २०२० साली तुमच्या शाळा बंद पाडल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आजीची बाजूही ऐकू

म्हणजे आजी पूर्णपणे चूक? तसेही नाही. २००५ साली कार्डिफ येथील संशोधकांनी ९० जणांना थंडगार पाण्यात पाय घालून वीस मिनिटे बसवले, तर दुसऱ्या ९० जणांनी रिकाम्या भांड्यात पाय ठेवले. पुढील चार-पाच दिवसांत पहिल्या गटातील १३ जणांनी आणि दुसऱ्या गटातील ५ जणांनी "मला सर्दी झाली" असे सांगितले. मात्र त्यांच्या नाकांत विषाणू आहे की नाही, हे तपासलेले नव्हते. कदाचित ज्यांच्या नाकात विषाणू आधीच दबा धरून बसला होता, त्यांना थंडीने आजारी पाडले असेल.

याला आणखी एक आधार आहे. शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअस असते. पण नाकातून सतत बाहेरची हवा जात असल्याने तेथे ते ३३ अंशांच्या आसपास असते. ऱ्हायनोव्हायरसला हेच तापमान मानवते. २०१५ साली येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातील पेशींवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की ३३ अंशांना पेशींची बचावाची तयारी ३७ अंशांपेक्षा ढिली पडते.

त्यात हिवाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून एकत्र बसतो. एकाने सोडलेली हवा दुसरा आत घेतो. हवा कोरडी असली तर नाकातला ओला थरही सुकतो आणि धूळ व जंतू अडवण्याचे त्याचे काम नीट होत नाही. तेव्हा निष्कर्ष असा: थंडी सर्दीला जन्म देत नाही, पण तिच्यासाठी दार किलकिले करत असावी. आत यायला विषाणू मात्र लागतोच. कानटोपी घाला, पण तेवढ्यावर विसंबू नका.

पत्त्यांचा डाव

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? १९७८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्दी झालेल्यांचा हात निरोगी माणसांच्या हाताला लावला. मग त्यांना स्वतःच्या नाकाला व डोळ्यांना बोट लावायला सांगितले. १५ पैकी ११ जणांना लागण झाली.

१९८७ साली विस्कॉन्सिन येथे इलियट डिक यांनी चक्क पत्त्यांचा डाव मांडला! सर्दी झालेले आणि निरोगी लोक एकत्र बसून बारा तास पत्ते खेळले. निम्म्या निरोगी खेळाडूंचा हात तोंडापर्यंत पोचूच नये अशी व्यवस्था केली होती. तरीही त्या १८ पैकी १० जणांना लागण झाली. हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना झाली. म्हणजे फरक थोडाच. मग शेंबडाने माखलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत नेऊन १२ निरोगी लोकांना खेळायला दिले. त्यांतल्या कोणालाही सर्दी झाली नाही! येथे विषाणू मुख्यतः हवेतूनच गेला होता.

दोन प्रयोग, दोन उत्तरे. मग आपण काय करायचे? दोन्ही वाटा बंद करायच्या. हात साबणाने धुवायचे आणि खोलीच्या खिडक्याही उघडायच्या.

बॅग भरताना

आता आपण मुद्द्यावर आलो. शाळकरी मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे ही सामान्य गोष्ट आहे. तुमची सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. पण आजोळी कोण असते? दम्याचा त्रास असलेले आजोबा, मामीचे दोन महिन्यांचे बाळ. जो विषाणू तुमच्या नाकात नुसत्या शिंका आणतो, तोच बाळाच्या इवल्याशा श्वासनलिकांत उतरला तर बाळाचा श्वास कोंडू शकतो, आणि आजोबांचा दमा उसळू शकतो. स्पिट्सबर्गेनची ती पहिली बोट आठवते ना? आजोळच्या घरासाठी ती बोट तुम्हीच असता.

म्हणून निघताना एवढे करा:

१. सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त संसर्गाचे. नेमकी तेव्हाच निघायची तारीख असेल, तर जाणे दोन-तीन दिवस पुढे ढकलता येईल का, हे घरी विचारा. फराळ चार दिवस टिकतो!

२. जायलाच हवे असेल तर तोंडाला मास्क लावा. खोकताना व शिंकताना तोंडावर रुमाल किंवा दुमडलेले कोपर धरा. तळहात नको, कारण त्याच हाताने आपण बाळाचा गालगुच्चा घेतो. नाक वाहते आहे तोवर बाळाला उचलून पापा घेण्याचा मोह आवरा.

३. बॅगेत साबणाची वडी आणि चार-पाच स्वच्छ हातरुमाल टाका. एकच रुमाल आठवडाभर खिशात ठेवू नका.

४. मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या बॅगेत टाकू नका. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात; विषाणूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक लागतेच, हाही गैरसमज. तो रंग आपल्याच लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी शरीरातले जिवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध हात टेकते. ॲस्पिरिनही मुलांनी आपल्या मनाने घेऊ नये.

५. विश्रांती, भरपूर पाणी, गरम सूप किंवा कढण पुरेसे आहे. खोकल्याला चमचाभर मध चालतो. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलांनी एकट्याने वाफ घेऊ नये, कारण भांडे कलंडून भाजते. आवळे जरूर खा, पण 'क' जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्दी टळत नाही. फार तर ती थोडी लवकर आवरते.

आणि हे लक्षात ठेवा: धाप लागणे, छाती आत ओढली जाणे, कान ठणकणे, गुंगी येणे किंवा ताप तीन दिवसांहून अधिक राहणे ही साध्या सर्दीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

करून पाहा

सुटीसाठी एक प्रयोग. थोडी हळद तेलात कालवून ती उजव्या तळहाताला चोळा आणि जादा तेल पुसून टाका. जुने कपडे घालून अर्धा तास नेहमीप्रमाणे वावरा. मग पाहा, पिवळे डाग कोठे कोठे लागले. दाराची कडी, पाण्याचा तांब्या, भावाची पाठ आणि आरशात पाहिलेत तर स्वतःचे नाक! डाग पुसायचे काम अर्थातच तुमचे.

दुसरा प्रयोग शाळा उघडल्यावर करा. वर्गात रोज किती जणांना सर्दी आहे, हे पहिल्या दिवसापासून महिनाभर वहीत लिहा. शेजारी त्या दिवसाचे सर्वांत कमी तापमान वर्तमानपत्रातून टिपा. शिक्षकांच्या मदतीने दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा. सर्दीची रेघ थंडीच्या मागे धावते, की शाळा उघडल्याच्या तारखेच्या? पाश्चात्त्य देशांत सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की लवकरच सर्दीची लाट येते, असे दिसून आले आहे. तुमच्या वर्गात काय दिसते, ते तुमचा आलेखच सांगेल. तो आजीला जरूर दाखवा.