नाव झाइसचं, शिक्का चीनचा

आज दुर्बिणीच्या भिंगांवर चढणाऱ्या बुरशीवर लिहायचं कबूल केलं होतं. पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा तो विषय फार लांबवता येणार नाही हे मलाही कळतं. पण साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं, आणि बुरशी आठवडाभर थांबेल असं मी परस्पर ठरवून टाकलं.

त्यांच्या मुलाने अमेरिकेहून येताना त्यांच्यासाठी झाइसची टेरा ईडी ८×४२ दुर्बीण आणली. कासच्या वाटेवर, कृष्णेच्या काठाने त्यांनी ती मनसोक्त वापरली. मग एक दिवस पुसता पुसता अंगावरची बारीक अक्षरं दिसली : 'मेड इन चायना'. ''तेव्हापासून ती गळ्यात घालावीशी वाटत नाही,'' ते लिहितात. ''माझ्याकडे झाइस आहे की नाही, एवढंच सांगा.''

आहे, सर. खरीखुरी आहे. अक्षरं दिसण्याच्या आदल्या दिवशी खंड्या जितका निळा दिसत होता तितकाच आजही दिसणार. तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कंपनीचं नाव पाहून आपण पैसे मोजतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो? भिंगं घेतो, की कारखाना घेतो, की पावणेदोनशे वर्षांची पुण्याई घेतो?

पुण्याई मोठी आहे, यात वाद नाही. कार्ल झाइसने येना गावात १८४६ साली छोटं दुकान थाटलं. पुढे त्याला एर्न्स्ट आबे भेटला आणि भिंगं अंदाजाने घासून बघायची पद्धत गेली, आधी गणित आणि मग काच असा क्रम आला. लोलकांची दुर्बीण झाइस कंपनीने १८९४ मध्ये बाजारात आणली. आबेबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. १९०० साली त्याने कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्या काळात ही चैन होती. पण डोळ्यात तेल घालून काम करणारा माणूस बारा तास उभा ठेवला तर तो भिंगं बिघडवतो, हा साधा हिशेब त्यामागे होता. दुर्बिणीत काचेपेक्षा माणसाचा वेळ महाग असतो. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

मोठ्या नावाखाली स्वस्त माल विकणं ही काही आजची शक्कल नाही. युद्धानंतर जर्मनी दुभंगली तशी झाइसही दुभंगली. पूर्वेला येना, पश्चिमेला ओबरकोखेन. येनाच्या कारखान्याची देल्ट्रिन्टेम ८×३० ही १९२० पासूनची दुर्बीण. तिचीच आतली रचना ठेवून 'येनॉप्टेम' नावाची जराशी साधी, स्वस्त मालिका त्यांनी निर्यातीसाठी काढली. जुन्या बाजारात येनॉप्टेम आजही सापडते, आणि ती हातात आली की मी भाव विचारल्याशिवाय पुढे जात नाही. लायकावाल्यांनी वेगळी वाट धरली. जर्मनीतले पगार परवडेनात म्हणून त्यांनी १९७३ साली पोर्तुगालमध्ये फामालिकाँव इथे कारखाना काढला. लायकाचं कितीतरी काम आज तिथेच होतं आणि त्याबद्दल कोणी हळहळताना मी पाहिलेला नाही. पोर्तुगाल चालतं, चीन खुपतं. यात प्रकाशशास्त्र कुठे आहे, मला सांगा.

आता सरांच्या दुर्बिणीकडे. टेरा ईडी २०१३ साली आली, कॉन्क्वेस्ट एचडी तिच्या आदल्या वर्षी, आणि सगळ्यात वर व्हिक्टरी एसएफ. अमेरिकेत तेव्हा टेरा पाचशे डॉलरच्या आतबाहेर होती, कॉन्क्वेस्ट हजाराच्या आसपास, एसएफ अडीच हजारांच्या पुढे. म्हणजे पहिलीपेक्षा तिसरी पाचपट महाग. मग चित्र पाचपट चांगलं दिसतं का?

कंपनीने स्वतःच छापलेले आकडे बघू, तिन्ही ८×४२चे. भिंगांतून आरपार जाणारा प्रकाश : टेरा ८८ टक्के, कॉन्क्वेस्ट ९०, एसएफ ९२. दोन टक्क्यांचा फरक माणसाच्या डोळ्याला कळतच नाही, कळतो म्हणणारा जाहिरात वाचून आलेला असतो. हजार मीटरवर दिसणारा पट्टा : टेरा १२५ मीटर, कॉन्क्वेस्ट १२८, एसएफ १४८. इथे मात्र थांबा. १२५ आणि १२८मध्ये काही नाही. पण १४८ म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने टेराच्या दीडपटीला जरा कमी. भिगवणला रोहितांचा थवा उठतो तेव्हा, किंवा कड्यावरून ससाणा सूर मारतो तेव्हा, हा फरक पैसे वसूल करतो. वजनात तर उलटाच प्रकार आहे. टेरा ७२५ ग्रॅम, कॉन्क्वेस्ट ७९५. स्वस्त दुर्बीण हलकी, कारण तिचं अंग धातूचं नाही, काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं आहे. प्लास्टिक म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण मानेला विचारा.

म्हणजे तळच्या मालिकेतून मधल्या मालिकेत जाताना पैसे दुप्पट होतात आणि छापील आकडे जेमतेम हलतात. मग ते पाचशे डॉलर गेले कुठे? बरेचसे अशा जागी गेले की ज्याचा आकडा पत्रकावर छापताच येत नाही.

उदाहरणार्थ, सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलकाला छपरासारखा कोन असतो, आणि हा छताचा कोन फार काटेकोर लागतो. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या काही भागांचीच चूक चालते. शिवाय दुर्बीण म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन दुर्बिणी. दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघायला हव्यात. आडवी चूक डोळे थोडीफार सांभाळून घेतात, उभी चूक अजिबात नाही. अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं आणि माणूस म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. ही जुळणी यंत्रावर होते, पण यंत्रापाशी माणूस असतो. तो एका नगाला किती मिनिटं देतो, सीमारेषेवरचा नग पुढे सरकवतो की परत पाठवतो, फोकसच्या चाकातली ढिलाई बोटाने तपासतो की सोडून देतो, यात किंमत ठरते. आबेचे आठ तास म्हणालो ते यासाठी.

काचेचं गणित आज सगळ्यांकडे आहे. भिंगावर पातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याचं पेटंट झाइसमधल्या स्माकुलाने १९३५ साली घेतलं. बिनलेपाच्या काचेच्या दर पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो, आणि दुर्बिणीत असे डझनावारी पृष्ठभाग असतात. छताच्या लोलकावरचा फेज लेप झाइसनेच १९८८ मध्ये आणला. तेव्हा ती श्रीमंतांची गोष्ट होती. आज चीनमधल्या कुनमिंगहून येणाऱ्या, नावही न ऐकलेल्या दुर्बिणीवर तो लेप असतो आणि चित्राचा मधला भाग असा चोख दिसतो की आमच्या पिढीने बोरीबंदरच्या दुकानांतून खालमानेने घेतलेल्या दुर्बिणी त्यापुढे लपवून ठेवाव्यात. म्हणून चित्राच्या मध्यावरून महाग-स्वस्त ओळखायचे दिवस सरले.

देशाच्या शिक्क्यावरून प्रत ठरवणाऱ्यांसाठी झाइसनेच एक कोडं घालून ठेवलंय. २०२२ साली त्यांनी एसएफएल नावाची मालिका काढली. ८×४० चं वजन अवघं ६४० ग्रॅम. ती जपानमध्ये बनते. आणि ती जर्मनीत बनलेल्या कॉन्क्वेस्ट एचडीपेक्षा महाग निघाली! जपानच्या शिक्क्याची कथा तर स्वतंत्र लेख मागते. डेव्हिड बुशनेल १९४८ पासून जपानी दुर्बिणी अमेरिकेत विकू लागला तेव्हा 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्तातली वस्तू. शेकडो नावांच्या त्या दुर्बिणी मोजक्या कारखान्यांतून निघायच्या. काहींच्या सांध्यावर 'जेबी' आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो, त्यावरून खरा कारखानदार कळतो. मला त्या आकड्यांचं वेड आहे. त्याविषयी कधीतरी नक्की लिहीन. सांगायचं इतकंच की तेव्हा जपानच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांची मुलं आता तोच शिक्का पाहून दोन पैसे जास्त मोजतात.

स्वारोव्स्कीने हे सगळं टाळलं. आपल्याकडे हे नाव दागिन्यांच्या चमचमत्या खड्यांसाठी माहीत आहे. त्या घराण्यातल्या विल्हेल्मने १९४९ साली ऑस्ट्रियातल्या आब्साम गावी दुर्बिणींची वेगळी कंपनी काढली आणि ती तिथेच राहिली. स्वस्त मालिका काढायची पण कारखाना हलवायचा नाही, मग कात्री कुठे लावणार? त्यांनी आकाराला लावली. २०११ची सीएल कंपॅनियन ही ८×३०, अर्धा किलोच्या आसपास. भिंगं लहान, म्हणून संधिप्रकाशात कमी चालते. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास भिंगाच्या व्यासाला (३०) वर्धनाच्या पटीने (८) भागून काढा, पावणेचार मिलिमीटर. ८×४२ला तो सव्वापाच येतो. भर दिवसा काही फरक पडत नाही, कारण बाहुलीच आक्रसलेली असते. पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पडतो.

त्यांचाच दुसरा प्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटतो, जरी मी त्यावर चिडलो होतो. २०१० साली एसएलसी एचडी ही मधली मालिका आली तेव्हा ती १.९ मीटरवरचं फुलपाखरू स्पष्ट दाखवायची. २०१३ मध्ये तिची साधी आवृत्ती आली. काच तीच, किंमत कमी, पण फोकसची यंत्रणा सोपी केलेली. आता जवळात जवळ ३.२ मीटर. पक्षी बघणाऱ्याला याचं सुखदुःख नाही. चतुर, टाचण्या आणि फुलपाखरं बघणाऱ्याला मात्र दर वेळी एक पाऊल मागे सरायचं, आणि आपल्या रानात मागे बहुधा करवंदीची जाळी असते. पण त्यांनी लपवलं काही नाही. काय काढून घेतलं ते पत्रकावर वाचता येत होतं. मधल्या किमतीच्या दुर्बिणीकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

म्हणजे नावाच्या बळावर आपण काय मागावं? चित्राचा मध्य चोख हवा. दोन्ही नळ्या जुळलेल्या हव्यात. आत पाणी शिरता कामा नये. चाकात ढिलाई नको. आणि बिघडली तर दाद लागावी. हे पाचशे डॉलरलाही मागायचा हक्क आहे, कारण तेच नाव लावून कंपनी पैसे घेते. कडेपर्यंत रेखीव चित्र, रुंद पट्टा, सूर्य समोर असतानाही न धुरकटणारं दृश्य हे मात्र मागू नये. त्यासाठीच वरची मालिका असते. टेराच्या कडेला चित्र मऊ पडतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारतो, पक्षी कडेला ठेवून बघता का हो तुम्ही?

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. एका नामवंत कंपनीच्या मधल्या मालिकेतले एकाच मॉडेलचे दोन नग मी शेजारी ठेवून पाहिले आहेत. एकाचं चाक सुरेख फिरत होतं. दुसऱ्याचं एका दिशेला हलकं, दुसऱ्या दिशेला जड, आणि उजव्या नळीतलं चित्र डावीपेक्षा जरासं मवाळ. दोन्ही डब्यांवर नाव तेच, किंमत तीच. वरच्या मालिकेत असा नग दाराबाहेर पडत नाही, कारण त्याला परत पाठवण्याचा पगार किमतीत धरलेला असतो. आपल्याकडे ग्राहक कुरिअरने माल मागवतो, डबा उघडतो, खिडकीतून समोरची टाकी बघतो आणि खूश होतो. मग दोन वर्षांनी कपाळ का दुखतं ते कळत नाही. तोवर हमीची मुदत संपत आलेली असते. काही कंपन्या स्वस्त मालिकेला मुळात कमी वर्षांची हमी देतात, आणि परदेशातून आणलेल्या नगाला इथे दाद मिळेलच असं नाही. सरांनी मुलाकडून पावती आणि कार्ड मागून घ्यावं.

तेव्हा शक्य असेल तर दुकानात जा आणि एकाच मॉडेलचे दोन-तीन नग काढायला लावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. दूरच्या पाटीवर आधी डावा डोळा, मग उजवा, मग दोन्ही. दोन्ही नळ्यांत अक्षरं सारखीच धारदार हवीत. दुर्बीण तारेवरच्या कावळ्यावर लावा, मागे पांढरं आभाळ असेल असा. त्याच्या काठाला जांभळी-हिरवी किनार किती आहे ते बघा; ईडी काच असूनही थोडी दिसेल, ती चालेल, पण दोन नगांत सारखीच दिसायला हवी. मग दुर्बीण डोळ्यांवर ठेवूनच कावळा बघत राहा आणि हळूहळू ती चेहऱ्यापासून पुढे न्या. चित्र एकाचे दोन होऊन वर-खाली सरकू लागलं, तर तो नग परत द्या आणि पुढचा डबा उघडायला सांगा.