भाजीशी मैत्री करायची?

आठला ऑफिसमधून घरी, साडेआठला ताटं आणि पावणेनऊला युद्ध! 'दोन घास तरी खा' विरुद्ध 'मला नक्को'. माझ्या ओळखीतल्या बहुतेक तरुण आई-बाबांकडे हाच सीन. दिवसभरात मुलांसोबत मिळतो एवढाच तास, आणि तोही दोडक्यावरून रुसण्यात जातो.

खरं तर मुलं नाटक करत नसतात. दोन ते सहाच्या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती वाटणं अगदी नॉर्मल. त्यात कडू चव त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवते. नवी भाजी आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. आणि आपण? तिसऱ्या नकारालाच फाइल क्लोज!

जपानमध्ये २००५ साली 'शोकुइकु' म्हणजे आहारशिक्षणाचा चक्क कायदा झाला. तिथे शाळेत मुलं ॲप्रन-टोपी घालून एकमेकांना जेवण वाढतात. अमेरिकेत बर्कलीच्या एका शाळेत शेफ ॲलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्ये 'एडिबल स्कूलयार्ड' सुरू केलं. मुलंच पेरणार, तोडणार, शिजवणार! आपल्याकडेही २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतल्या परसबागांसाठी गाइडलाइन्स काढल्या. फंडा एकच : लेक्चर नको, हात लावू द्या.

मी भाचीला रविवारी मंडईत नेलं. म्हटलं, 'आज भाजी तू निवडायची.' तिने उचलला मुळा. का? तर त्याला शेपटी असते! घरी तिने धुतला, मी किसला, दही तिने कालवलं. स्वतः खाल्ली जेमतेम चमचाभर कोशिंबीर, पण आजीला वाढताना काय तो रुबाब! पुढच्या रविवारी दोन चमचे.

तुम्हीही ट्राय करा :

* आवडत्या भाजीशेजारी नवी वाढा, एकच चमचा. जबरदस्ती नाही.
* 'भाजी संपव, मग चॉकलेट' ही ऑफर बंद. त्याने चॉकलेटचाच भाव वाढतो.
* मटार सोलणं, मेथी निवडणं ही कामं मुलांना द्या. पसारा होईल, होऊ द्या.

आणि हो, मुलं आपल्या ताटाकडे बघत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन ते पाच वर्षांच्या मुलांना रोज किमान २५० ग्रॅम भाज्या-फळं हवीत. आपल्याला ४००. आज आपली किती झाली, मोजा बरं. वडापावमधली मिरची धरायची नाही!