नळी मूळची की कापलेली?

देहूकरांस अस्सल अभंग कोणता व प्रक्षिप्त कोणता हा वाद नवा नाही. परंतु जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची नळी अपेक्षेहून आखूड निघाली, की तेथे श्रद्धा कामास येत नाही, पोलादाचीच जबानी घ्यावी लागते. १९१५ च्या सहाव्या मार्काची नियमित नळी सहा इंची, १९१३ च्या पाचव्याची बहुधा चार इंची. म्हणून आधी मार्क वाचावा, मग सिलिंडर वगळून लांबी मोजावी. नंतर भिंगाखाली नळीचे मुख न्याहाळावे: करवतीची कड कितीही घासली तरी तिची झिलई उर्वरित अंगाशी जुळत नाही. सहाव्या मार्कावर माशीचे पाते नळीच्याच अंगच्या बैठकीत स्क्रूने बसविलेले असते. ती बैठक मागाहून झाळलेली आढळली, तर माझ्या मते खटला तेथेच निकालात निघाला. मात्र केवळ विलक्षण लांबी हा पुरावा नव्हे. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आपले मॅग्नम साडेतीनपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने, गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे घडवून दिले होते, आणि अशा वेळी कारखान्याच्या दप्तरातील दाखलाच प्रमाण. परवानाधारकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ अन्वये नळी आखूड करण्यासही स्वतंत्र परवाना लागतो.