घरगुती हिंग्वष्टक : औषध आणि मसाला यांमधील मर्यादा

अग्निमांद्य, आध्मान, अरुची, उदरशूल अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास हिंग्वष्टक चूर्ण देण्याची परंपरा आपणा सर्वांस सुपरिचित आहे. अष्टांगहृदयाच्या चिकित्सास्थानात गुल्मप्रकरणी आलेला हा पाठ इतका सुटसुटीत आहे, की त्यातील आठही द्रव्ये वाण्याच्या दुकानात सहज मिळतात. साहजिकच अनेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, हे घरीच केले तर चालेल का?" आम्ही त्यास नकार देत नाही. ताज्या, सुगंधी द्रव्यांचे घरी केलेले चूर्ण गुणाने सरस ठरते, असाच आमचा अनुभव आहे. परंतु केवळ घटकांची यादी कागदावर लिहून देणे पुरेसे नाही. पाठ घरात गेला, की स्वयंपाकघराचे नियम त्यास लागू होतात आणि औषधाचा नकळत मसाला होतो. हे टाळण्यासाठी रुग्णास काय सांगावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

द्रव्यांची निवड

सुंठ, मिरे, पिंपळी, अजमोदा, सैंधव, पांढरे जिरे, शहाजिरे आणि हिंग ही ती आठ द्रव्ये होत. त्यांपैकी तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला कृष्णजीरकाचा. येथे शहाजिरे, म्हणजे कॅरम कार्वी, अभिप्रेत आहे. रुग्णाने दुकानात जाऊन नुसते "काळे जिरे" मागितले, तर कधी कलौंजी, तर कधी कृमिघ्न म्हणून वापरले जाणारे कडू जिरे त्याच्या हाती पडते. तिन्ही द्रव्ये सर्वस्वी भिन्न आहेत. म्हणून चिठ्ठीवर ‘शहाजिरे’ हाच शब्द लिहावा.

दुसरा अजमोद्याचा. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याऐवजी ओवा घातला जातो. दीपन-पाचनासाठी तो प्रतिनिधी म्हणून चालण्यासारखा आहे; मात्र तो अधिक तीक्ष्ण असल्याने पित्तप्रधान रुग्णात याचे भान ठेवावे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा घोटाळा हिंगाचा. डबीत मिळणारे हिंग बहुधा ‘बांधानी’ असते. त्यात गव्हाचे वा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान १२ टक्के असावा लागतो, तर बांधानी हिंगात तो किमान ५ टक्के असला तरी चालतो. अर्थात बांधानी हिंग घातल्यास ज्या द्रव्याने पाठास नाव दिले, तेच निम्म्याहून कमी होऊ शकते. शिवाय पिठामुळे चूर्ण ओलावा धरते, आणि गव्हाचे वावडे असलेल्या रुग्णास ते अपायकारक ठरते. यास्तव खडा हिंगच सांगावा. तो पाण्यात उगाळला असता दुधासारखे पांढरे पाणी होते.

मिऱ्यांतील पपईच्या बियांची भेसळही रुग्णास ओळखता येते. मिरे पाण्यात टाकावेत. चांगले मिरे तळाशी बसतात, बिया तरंगतात.

चमचा नव्हे, वजन

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियात ही आठही द्रव्ये समभाग दिली आहेत. काही वैद्य रुग्णाची सहनशक्ती पाहून हिंगाचा भाग कमी धरतात. तो निर्णय वैद्याचा, रुग्णाचा नव्हे. ‘समभाग’ म्हणजे समान वजन, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. गृहिणीच्या हाती तराजू नसतो, चमचा असतो. बारीक मिठाचा सपाट चमचा जिरेपुडीच्या चमच्याच्या दुपटीहून अधिक भरतो. आठही द्रव्ये चमच्याने मोजल्यास सैंधवाचा अंश एक अष्टमांशावरून सुमारे दुप्पट होतो. रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असलेल्या रुग्णात ही बाब क्षुल्लक नाही.

प्रत्येकी १० ग्रॅम घेतल्यास ८० ग्रॅम चूर्ण होते. २ ग्रॅम मात्रेने दिवसातून दोनदा घेतल्यास ते २० दिवस पुरते. आम्ही एका वेळी याहून अधिक करू देत नाही.

कृती

हिंग थोड्याशा तुपात मंद आचेवर फुलेपर्यंत भाजावा. कच्चा हिंग पोटात दाह करतो. तूप बेताचेच असावे, अन्यथा चूर्णास खवट वास येतो. सैंधव तव्यावर गरम करून त्यातील ओल घालवावी. उरलेली द्रव्ये निवडून, ओल जाण्यापुरतीच कोमट करावीत. मसाल्यासारखी खमंग भाजू नयेत, कारण गंधाबरोबर त्यांतील उडनशील तेलही जाते. प्रत्येक द्रव्य स्वतंत्र कुटून वस्त्रगाळ करावे, नंतर तोलावे आणि मग एकत्र करावे. चूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत भरून त्यावर तारीख लिहावी. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते असे सांगितले आहे. घरगुती चूर्णास हीच मर्यादा योग्य होय.

सेवनाची मर्यादा

भोजनाच्या प्रथम कवलात तुपासह घेणे ही या चूर्णाची शास्त्रोक्त पद्धत. प्रत्यक्षात मात्र बरणी जेवणाच्या टेबलावर येते, ताकात, वरणात, भातावर चूर्ण भुरभुरले जाते, आणि महिनोन्‌महिने हा क्रम चालतो. मेतकूट असे रोज खाता येते, कारण त्यात धान्ये व डाळी मुख्य असून मसाला अल्प असतो. हिंग्वष्टकात तसा आधार नाही. ते सर्वस्वी तीक्ष्ण-उष्ण आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळावा असे सांगितले आहे. त्या तिघांपैकी दोन या चूर्णात आहेत, हे रुग्णास समजावून सांगावे.

अम्लपित्त, रक्तपित्त, मुखपाक आणि गर्भावस्था यांत हे चूर्ण देऊ नये. तान्ह्या बाळास हिंग पोटात देण्याची रीत काही घरांत आहे, ती कटाक्षाने थांबवावी. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात जपावे. मिरे-पिंपळीतील पिपेरीनमुळे फेनिटोइन, थिओफिलिन, प्रोप्रॅनोलॉल यांचे शोषण वाढू शकते. म्हणून चालू औषधांची चौकशी केल्यावाचून पाठ लिहून देऊ नये.

फार्मसीधारकांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ ईईसी मधील परंतुकाने वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्याची मुभा दिली आहे. हेच चूर्ण लेबल लावून सर्वसामान्य ग्राहकांस विकण्यासाठी तयार करणे ही निराळी बाब असून, त्यासाठी उत्पादन परवाना आणि शेड्यूल टी चे पालन आवश्यक ठरते. त्यापेक्षा आठही द्रव्ये स्वतंत्र पुड्यांत, नाव व वजन लिहून उपलब्ध करून दिल्यास रुग्ण व वैद्य दोघांचीही सोय होईल. विशेषतः शहाजिरे आणि खडा हिंग खात्रीचे मिळाले, तर निम्मे काम झाले.

घरी केलेल्या चूर्णाने रुग्णाची औषधाशी जवळीक वाढते, खर्च वाचतो आणि पथ्याकडेही लक्ष राहते. हे लाभ गमावण्याचे कारण नाही. फक्त चिठ्ठीवर आठ नावांखाली चार ओळी अधिक लिहाव्यात : कोणते द्रव्य, किती वजन, किती दिवस आणि कोणी घेऊ नये. चूर्ण स्वयंपाकघरात तयार झाले तरी या चार ओळींमुळे ते औषधच राहते.