प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवरील शस्त्रक्रिया

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगरहित वाढीमुळे मूत्रमार्ग दाबला जाऊन लघवीला अडथळा येतो. उतारवयातील पुरुषांमध्ये हा विकार सर्रास आढळतो. औषधांनी गुण न आल्यास, लघवी वारंवार तुंबल्यास, मूत्राशयात खडे झाल्यास किंवा मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यास शस्त्रक्रिया केली जाते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

खुली शस्त्रक्रिया: ओटीपोटावर छेद घेऊन ग्रंथीचा वाढलेला भाग काढतात. भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक पीटर फ्रेयर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूत्राशयमार्गे होणारी ही पद्धत रूढ केली. ८० मिलिलिटरहून मोठ्या ग्रंथीसाठी ती आजही उपयुक्त आहे. मात्र रक्तस्राव व रुग्णालयातील मुक्काम अधिक असतो.

टीयूआरपी: मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथी आतून कापतात. सुमारे ३० ते ८० मिलिलिटरच्या ग्रंथीसाठी ही प्रस्थापित पद्धत आहे. जुन्या एकध्रुवी प्रकारात ग्लायसिनचे द्रावण शोषले जाऊन रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असतो. द्विध्रुवी प्रकारात सलाइन वापरल्याने तो टळतो.

होलेप: होल्मियम लेसरने ग्रंथीचा वाढलेला भाग सोलून काढतात. आकाराची मर्यादा नसते व रक्तस्राव कमी होतो. परंतु यंत्र महाग असून कौशल्य येण्यास वेळ लागतो.

टीयूआयपी: ३० मिलिलिटरहून लहान ग्रंथीला केवळ छेद देतात.

पहिल्या तीन पद्धतींनंतर बहुतेकांमध्ये वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. हे अपायकारक नसले, तरी अपत्यप्राप्तीवर परिणाम होतो. टीयूआयपीनंतर हे प्रमाण कमी असते.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव हे तालुके पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतात. तेथे मूत्रपिंडविकाराचा प्रश्न गंभीर आहे. मात्र वृद्ध पुरुषाच्या रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यामागे प्रोस्टेटचा अडथळाही असू शकतो. म्हणून सोनोग्राफीत मूत्रपिंडांची सूज आणि लघवीनंतर मूत्राशयात उरलेले मूत्र पाहणे महत्त्वाचे ठरते. अडथळा आढळल्यास प्रथम नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि मूत्रपिंडांचे कार्य स्थिरावल्यावर शस्त्रक्रिया करतात. अशी हानी वेळीच उपचार झाल्यास बऱ्याच अंशी भरून निघू शकते. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास ती कायमची होते.

बुलढाणा येथे जिल्हा रुग्णालय असून २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारच्या अकोला व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.