रोजच्या गोळीवाचून ॲलर्जी आटोक्यात येईल?

सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका, नाकाला धार, डोळ्यांना खाज आणि चहाबरोबर सेटिरिझिनची एक गोळी. शहरांतील कित्येक घरांत हा परिपाठ वर्षानुवर्षे चालू असतो. गोळी स्वस्त असते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि तासाभरात आराम पडतो. मात्र एके दिवशी प्रश्न पडतो : हे असे किती वर्षे चालायचे?

प्रश्न रास्त आहे. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शत्रू समजून शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. ती विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात आणि त्याच पदार्थाशी पुन्हा गाठ पडली की त्या पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडते. शिंका, खाज, सूज हे सारे त्याचेच प्रताप. सेटिरिझिनसारखी औषधे हिस्टामिनचा मार्ग तेवढा अडवतात; मूळ वैर मिटवत नाहीत. म्हणूनच गोळी थांबवली की त्रास परततो. दीर्घकाळ घेतलेली सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन एकदम बंद केल्यावर क्वचित काही रुग्णांना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये दिला. तेव्हा गोळी सोडायची झाली, तरी ती डॉक्टरांना विचारूनच.

पहिला पर्याय म्हणजे वैरी ओळखणे आणि त्याला घराबाहेर काढणे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा वैरी बहुधा आपल्या गादीतच असतो. घरातील धुळीच्या ॲलर्जीमागे ‘डस्ट माइट’ हा जीव आहे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. कोळ्यांच्या कुळातील हा जीव मिलिमीटरच्या जेमतेम एक-तृतीयांश आकाराचा. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्याचे अन्न. पाणी तो पीत नाही, हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे हवा कोरडी झाली की त्याची वाढ खुंटते. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांनी.

हे लक्षात घेतले, की जुन्या घरांमधील काही रिवाजांचा अर्थ उलगडतो. गाद्या-उशांना कडक ऊन दाखवणे, पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घेणे, गोधड्या उकळत्या पाण्यात धुणे, यांत स्वच्छतेपलीकडचे शहाणपण होते. आज फ्लॅटच्या बंद खोलीत जाड फोमची गादी वर्षानुवर्षे हलत नाही, वर गालिचा, जड पडदे आणि मुलांची केसाळ खेळणी! चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास हे जीव मरतात. झाडूऐवजी ओल्या फडक्याने धूळ पुसावी, भिंतींची ओल काढावी, झुरळांचा बंदोबस्त करावा. दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडण्याचे काम मात्र ॲलर्जी नसलेल्याकडे द्यावे. केवळ गादीला महागडे आवरण घालून भागत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या आवरणांनी प्रौढांच्या तक्रारींत विशेष फरक पडला नव्हता. उपाय एकत्रितच करावे लागतात.

दुसरा उपाय आपल्याकडे जलनेती म्हणून परिचित आहे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतल्यास चिकटलेले कण आणि शेंबूड निघून जातो, औषधाची गरजही काहींना कमी लागते. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. पाणी उकळून गार केलेलेच हवे, हे मात्र कटाक्षाने पाळावे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी थेट नेतीसाठी वापरल्याने दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमीबामुळे मृत्यू झाला होता. नाक मोकळे करणारे थेंब हा मात्र पर्याय नव्हे. ते आठवडाभराहून अधिक वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते.

मूळ वैरच सौम्य करणारा उपचार एकच, इम्युनोथेरपी. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचून तो प्रथम वर्णिला. त्वचेवरील चाचणीने नेमका पदार्थ शोधायचा, त्याचाच अर्क वाढत्या मात्रेत इंजेक्शनने किंवा जिभेखाली द्यायचा आणि शरीराला त्याची सवय लावायची, अशी ही पद्धत. ती तीन ते पाच वर्षे चालते. वर्षभरातच कंटाळून सोडणारे अनेक असतात. पूर्ण केल्यास गुण पुढेही काही वर्षे टिकतो. इंजेक्शननंतर क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटते, म्हणून त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसणे आवश्यक असते. घाईच्या रुग्णाने ‘मला काही होत नाही’ म्हणून निघून जाऊ नये. दमा आटोक्यात नसलेल्यांना हा उपचार दिला जात नाही.

दमेकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘पंपाची सवय लागते’ या ऐकीव समजुतीपायी इन्हेलर बंद करून काढ्यावर किंवा चूर्णावर विसंबणारे रुग्ण मध्यरात्री धाप लागून रुग्णालयात येतात. घर झाडावे, नाक धुवावे, लसही घ्यावी. पण डॉक्टर मात्रा कमी करीपर्यंत उशाशी असलेला तो पंप तेथेच राहू द्यावा.