दर दोन तासांनी कूस बदलणारे हात

दहावीचा निकाल लागला आणि एसटी स्टँडच्या भिंती, रिक्षांच्या पाठी पुन्हा त्याच जाहिरातींनी भरल्या: 'नर्सिंग कोर्स, सहा महिने, दहावी पास, 100 टक्के नोकरी'. लेकीचं नाव घालायला निघालेल्या आईबापांना एक गोष्ट आजच सांगायला हवी. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला बारावीनंतर दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी व्हावी लागते. सहा महिन्यांच्या वर्गातून तयार होते ती रुग्णसहायक. सरकारी कौशल्य योजनांत तिला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' म्हणतात, वॉर्डात मावशी. तिने इंजेक्शन द्यायचं नसतं, सलाईन लावायचं नसतं. जाहिरातीत हे छापलेलं नसतं. मुलीला ते कळतं फी भरून झाल्यावर, नर्सच्या जागेसाठी केलेला अर्ज बाद होतो तेव्हा.

म्हणून हा कोर्सच नको, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही.

माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा घरी रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेल्या पहिल्या बाईंकडे लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं. बाई मायाळू होत्या, वेळेवर भरवायच्या. पण उताणं झोपलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आम्हालाही ठाऊक नव्हतं. दहाव्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा दिसला, मग कातडी सुटली. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबून राहते, तिथलं रक्त थांबतं आणि मांस आतल्या आत मरत जातं. ती जखम भरायला चार महिने गेले.

नंतर आलेल्या मावशींनी पहिल्याच दिवशी कमरेखाली एक आडवी चादर अंथरली. तिच्या कडा दोन्ही बाजूंनी धरून वडिलांना उचलून सरकवायला आम्हाला शिकवलं, कारण ओढलं की कातडी सोलवटते. पोटरीखाली उशी ठेवली. टाचा अधांतरी राहिल्या. भिंतीवर वहीचा कागद चिकटवला: आठला डावी कूस, दहाला उताणे, बाराला उजवी. रात्रीही तो कागद चुकला नाही. त्या बाई दोन महिने एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात शिकलेल्या होत्या. पहिल्या बाईंचा सगळा कोर्स बाकावर बसून झाला होता.

दोघींच्या प्रमाणपत्रांत मला महत्त्वाचा वाटतो तो एवढाच फरक. स्पंजिंग, बेडपॅन, तोंडाची स्वच्छता, ताप-नाडी-बीपीची नोंद, लघवीचं माप, साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुणं, कुठला कचरा पिवळ्या पिशवीत आणि कुठला लाल, हे सगळं खऱ्या रुग्णाजवळ उभं राहिल्याशिवाय हातात बसत नाही. चांगली संस्था मुलींना वॉर्डात पाठवण्याआधी कावीळ-बीची लस घ्यायला लावते. तिचे पूर्ण तीन डोस असतात. ज्या संस्थेला ही लस माहीतच नाही, तिथल्या मुली वॉर्डात जात नसाव्यात, असं मी धरून चालेन.

पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभारलं आणि तिथून विधवा बायकाही परिचर्या शिकून पायांवर उभ्या राहिल्या. पुढच्या शंभर वर्षांत नर्सला थोडाफार मान मिळाला. मावशीला तो अजून नाही. बारा तासांची ड्यूटी, पगारातून ब्युरोचं कमिशन आणि जेवायला स्वयंपाकघराचा कोपरा. तिला 'नर्स' म्हणून फसवून शिकवण्यापेक्षा रुग्णसहायक म्हणून नीट शिकवा आणि त्याच नावाने नीट पगार द्या, एवढीच मागणी आहे.

या आठवड्यात पैसे भरणार असाल तर प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचं किंवा कौन्सिलचं मिळणार, ते लेखी घ्या. फीची पावती घ्या. मूळ मार्कशीट आणि शाळेचा दाखला संस्थेत ठेवू नका. आणि जिथे प्रात्यक्षिक होतं असं सांगतात, त्या हॉस्पिटलात स्वतः जा. वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा, या संस्थेच्या मुली इथे येतात का. उत्तर 'नाही' आलं तर पहिला हप्ता भरू नका.